रंगनाथची बारी

...स्वस्तात पडतो हो, मी कुटं न्हाई म्हनतोय? तुमी घरच्या घरी वेल्डिंग टाकायचं म्हनताय, आक्सिजनचा सिलेंडर एकट्याला परवडत न्हाई म्हनताय, कुनीतरी सांगितलं देवळाली प्रवऱ्यातल्या आमोसबाबाला इचारा, त्यानं भागीत सिलेंडर घेऊन वीस वर्सं काढली, म्हनून तुमी आलात, बसलात, च्या घेतला, समदं खरं. पन भागीत घेताना मानूस जिता हाय तोवरचंच बगू नका, तो मेल्यावर बारी कुनाची, हे आदी ठरवा. मी न्हाई ठरवलं. आन तुमाला सांगतो, मेलेल्या मानसाची बारी मोडायला जानं म्हंजी काय असतं, ते माझ्या ह्या दोन हातांला इचारा.

माझा भागीदार रंगनाथ. गल्लीच्या अल्याड माझी पडवी, पल्याड त्याचं शेड. सिलेंडर असतो कंपनीचा, आपन डिपाझिट भरायचं, मंग रोजाचं भाडं, तुमी तो वापरा न्हाईतर कोपऱ्यात उभा करून हार घाला, भाडं चालूच. एकट्याच्या कामाला महिनाभर संपायचा न्हाई. तवा हिरीच्या पान्याला असती तशी आमी त्याला बारी लावली. ह्या रविवारपासून त्या रविवारपतूर माझी, मंग त्याची. रविवारी बारा वाजता, कारन तवर मी चर्चमधून आलेला असायचो. शाळा दोघांनी बी पाह्यली न्हाई, सिलेंडरच्या डोक्यावर दाबाचं घड्याळ असतं त्यातले आकडे आमाला कुटले कळायला, पन काटा जिथं असंल तिथं काचंवर खडूची रेघ मारायची, पुढच्या रविवारी बगायचं किती सूत उतरला. झाला हिशोब.

वीस वर्सांत भांडन न्हाई... म्हंजी एकदा झालं. मी सायकलीची फ्रेम जोडत हुतो, अर्धा जोड झालेला, जाळ पेटलेला, आन हा दारात. "आमोस, बारा वाजले." म्हनलं, "दोन बोटं ऱ्हायलंय रे." "बारा वाजले." "अरं तो मानूस सायकलीसाठी बसलाय." "त्याला म्हनाव बस आठ दिस. बारी म्हंजी बारी." आन माझ्या डोळ्यादेखत सिलेंडरची चावी फिरवली त्यानं, डाव्या हातानं, डावखुरा हुता तो, आन टप्प, जाळ गेला. गिऱ्हाईक अर्धी सायकल खांद्यावर टाकून घरी गेलं. असा मानूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं, त्याच्या बारीतनं त्यानं बी मला कदी एक मिनिट कमी दिलं न्हाई.

पंच्यान्नव सालच्या भादव्यात गेला. झोपंतच गेला, आन गेला कवा, तर माझ्या बारीत. स्वताच्या बारीतला दिस वाया घालवून मरनं त्याला पटलं नसतं. मी रडलो, लई रडलो. दहावा झाला, रविवार आला, मी जेवाया बसलो, मनात म्हनलं आता सिलेंडर एकट्याचा, भाडं बी एकट्याचं, कसं झेपायचं... तवर दारात गोजरबाई, रंगनाथची बायको. "भावजी, बारा वाजून गेले."

"वैनी, बसा. कशाचे बारा?"

"सिलेंडर आनताय ना? बारी आमची हाय."

आता सांगा. पोरगा न्हाई, दोन पोरी, दोनी सासरी. म्हनलं, "वैनी, चालवनार कोन?" तर म्हनली, "ते मला काय ठाव? जमीन मेल्यावर जाती का? हिरीची बारी जाती का? मंग ही का जाईल? हे घ्या अर्धं भाडं." माझ्या हातात नोटांची घडी ठेवली. माझी बायको दीना मागनं कुजबुजली, "द्या हो, दुक्कात हाय ती, शेडात उभा राहूंदे, तिला बरं वाटंल." मला पटलं. नेला ढकलत, शेडात त्याच्या जाग्यावर उभा केला. भोवती त्याची ऱ्हायलेली कामं पडलेली हुती, कुनाची बादली, कुनाचा फवारनीचा पंप, कुनाच्या पाळन्याचा गज. गोजरबाईनं कुलूप घातलं, किल्ली कमरंला खोवली.

पुढच्या रविवारी आनायला गेलो. काटा दोन सूत खाली.

म्हनलं गळत असंल. साबनाचा फेस केला, समद्या जोडांवर लावला, बुडबुडा न्हाई. नगरला कंपनीच्या गोदामात गेलो, तिथल्या नितीन म्हनून पोराला सांगितलं, त्यानं दुसरा सिलेंडर दिला, म्हनला, "बाबा, हा नवा हाय, आता इचार करू नका." माझ्या बारीत त्यो नीट ऱ्हायला. रंगनाथच्या बारीत दोन सूत खाली. रंगनाथ जिता हुता तवा बी दोनच सूत उतरायचा, हे मला घरी आल्यावर सुचलं, आन मग मी आठ दिस ते दीनाला बी सांगितलं न्हाई.

मंग एका दुपारी, आश्विनातलं ऊन, गल्लीत चिटपाखरू न्हाई, मला वास आला. कारबाईडवर पानी पडलं की जाळाचा गॅस सुटतो ना, त्याचा लसनावानी वास असतो. वास रंगनाथच्या शेडातनं. जवळ गेलो तर आत सुर्रर्र... आन मंग टप्प. दाराला भायेरनं कुलूप. दाराच्या फटीतनं निळा उजेड येऊन गोजरबाईच्या पायावर पडलेला, आन ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडतीय.

"वैनी," म्हनलं, "आत कोन हाय?"

"कोन असनार? किल्ली माझ्या कमरंला हाय."

"मंग ह्यो आवाज?"

तिनं मान बी वर केली न्हाई. "काम करत्यात ते. मी आपली डब्यात कारबाईड आन पानी टाकून ठिवती. हळू बोला, मधी बोललं की चिडायचे, आठवतंय ना."

तिच्या सुपातला एक खडा मला दिसला, मी तो उचलून टाकला, आन घरी आलो. दुसरं काय करनार हुतो?

रविवारी बगितलं, पंप जोडलेला. तुमाला सांगतो, प्रत्येकाचा जोड त्याच्या सहीवानी असतो. माझ्या जोडावरच्या लाटा मासोळीच्या खवल्यागत उजवीकडं झुकत्यात, त्याच्या डावीकडं झुकायच्या. पंपावरच्या डावीकडं. मंग बादली झाली, मंग पाळना. आन लोक येत्यात, वस्तू उचलत्यात, उन्हात धरून बगत्यात, "गळत न्हाई ना? मंग झालं," म्हनत्यात, गोजरबाईच्या हातावर पैसे ठिवत्यात आन जात्यात. एकानं बी इचारलं न्हाई की केलं कुनी. दीनानं चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. ते आले, शेडाच्या दारात उभं राहून लांबलचक प्रार्थना केली, आतनं टप्प आवाज झाला, ते जरा थांबले, आमेन म्हनले, आन मला बाजूला घेऊन इचारलं, "आमोस, सायकलीचं क्यारेज जोडायला किती दिस लागतील?"

बारी म्हंजी बारी, मी मनाशी म्हनलं, आपले आठ दिस आपल्याला हायत ना, मंग झालं. पन तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात काकासाहेब आले. मंडपवाले काकासाहेब, टेम्पो भरून पन्नास लोखंडी घडीच्या खुर्च्या, समद्यांचे पाय न्हाईतर पाठी तुटलेल्या. "आमोसबाबा, शनवारी संध्याकाळपतूर. रविवारी श्रीगोंद्याला लग्न हाय. जमलं तर वरसाचं समदं काम तुमचं, न्हाई तर नगरला नेतो." विजेच्या वेल्डिंगनं तसल्या बारीक नळीला भोक पडतं, तिला गॅसच लागतो. आन तुमाला खरं सांगतो, त्या साली माझ्याकडं दुसरं काम नव्हतं. हे काम गेलं तर पडवी बंद करायची आन पोराकडं पिंपरीला जायचं, असं आमचं नवरा-बायकोचं आदीच ठरलं हुतं. पिंपरीत मी काय करनार हो, ग्यालरीत बसून दुसऱ्याच्या ग्यालऱ्या बगनार?

आन वार कोनता, तर सोमवार. रंगनाथच्या बारीतला.

गेलो गोजरबाईकडं. "वैनी, दोन दिस सिलेंडर द्या, पुढं फेडतो." ती म्हनली, "माझी कुटं ना हाय? त्यांला इचारा." बंद दाराला इचारलं मी. ह्या वयात, भर दुपारी, कुलपापुढं उभं राहून. "रंगा, दोनच दिस रे. माझ्या पोटाचा प्रश्न हाय." मंग गोजरबाईनं दार उघडलं, मी खाली मान घालून सिलेंडर ढकलत घरी आनला.

नळी जोडली, काडी लावली, जाळ आला. खुर्चीचा पाय धरला, आन टप्प. पुन्ना पेटवला. टप्प. काटा भरल्याला, नळी साफ, चावी पुरी उघडी. मी चावीवर बोट ठेवून बसलो आन मला बोटाखाली कळलं. ती फिरत हुती. हळू, लई हळू, जसं कुनी घाई न करता बंद करतंय तसं. मी उलटी फिरवली, ती सुलटी आली. मी जोर लावला न्हाई. त्या हाताचा जोर मला म्हाईत हुता. म्हनलं, बरं बाबा, बारा वाजले.

सिलेंडर परत नेला. दीनानं पिंपरीला न्यायची भांडी येगळी काढायला घेतली. मी पडवीत बसून त्या पन्नास खुर्च्या बगत हुतो, आन तवा डोक्यात आलं की तो आपली बारी सोडनार न्हाई हे खरं, पन पडलेलं काम सोडतोय कुटं? मंगळवारी सकाळी एकेक खुर्ची उचलून मी त्याच्या शेडात नेली. वाट ठेवून नीट थप्प्या लावल्या, आन गिऱ्हाईक बोलतं तसं बोललो, "रंगनाथराव, शनवारपतूर पायजे."

त्या दिसांत गल्लीतनं जाताना समदे माझ्या पडवीच्या कडंनं जायचे. दिसभर सुर्रर्र, टप्प, सुर्रर्र, टप्प. गोजरबाई कारबाईडचे दोन डबे जास्त मागून घेऊन गेली. शनवारी चार वाजता आवाज थांबला. आमी दार उघडलं.

थप्प्या नव्हत्या. पन्नासच्या पन्नास खुर्च्या उघडून ओळीनं मांडलेल्या, समद्यांची तोंडं दाराकडं, लग्नात पाव्हनं बसत्यात तशा. आन काई खुर्च्यांची पत्र्याची बैठक दबलेली हुती, जशी कुनी बसल्यावर दबती. आमी आत पाय टाकला तसं एकेक पत्रा टन्न करून वर आला. मागच्या ओळीपासनं पुढच्या ओळीपतूर. गोजरबाईनं डोक्यावर पदर घेतला. मी टोपी काढली.

काकासाहेब आले, एका खुर्चीवर बसले, उठले, परत जोरात बसले. मंग वाकून जोड बगितला. "आमोसबाबा, हा जोड डावा हाय."

"व्हय."

"रंगनाथचा हाय."

"व्हय."

सरळ होऊन त्यांनी टेम्पोकडं बगितलं. मला वाटलं, आता टेम्पो घेऊन पळत्यात. म्हनले, "मंग पक्का हाय." आन खुर्च्या भरल्या.

वरसाचं काम आलं हो, आलं, पन कुनाकडं? काकासाहेबांनी समद्या तालुक्यात सांगितलं, जोड असावा तर डावा. गिऱ्हाईक माझ्या पडवीपुढनं जातं, मी म्हनतो, "या, बसा," ते म्हनतं, "न्हाई बाबा, बारी कवाची हाय ते बगतो." माझ्या आठ दिसांत सिलेंडर माझ्यापुढं उभा, मी सिलेंडरापुढं बसलेला. पिंपरी टळली तेवढी, गोजरबाई दर रविवारी कमाईतला माझा वाटा बिनचूक आनून देती, मी न मागता. मागल्या महिन्यात मला म्हनली, "भावजी, त्यांला काम लई साठलंय, तुमच्या बारीतले चार दिस द्याल का?" मी दोन मागितले तवा त्यानं दिले नव्हते. मी दिले चार. आता माझ्याकडं काम म्हंजी एकच, सिलेंडर ढकलत तिकडं नेनं, ते तेवढं मेल्यावर जमत न्हाई म्हने. आन त्यात बी ती कुरकुर करती, "भावजी, जरा लवकर आनत जावा, ते आत खोळंबत्यात."