डावी बाही, उजवा मुंढा

नाव : गल्लीत सगळे टाकेवाली मावशी म्हणतात. वय : एकोणऐंशी. धंदा : शिवणकाम. (साहेबांनी आधी 'काही नाही' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.) राहणार : तयार कपड्यांच्या दुकानासमोर, पहिला मजला, मुलाजवळ.

मी आज सकाळी अकराच्या सुमारास कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

माझा मुलगा, वय छप्पन, शाळेत गणित शिकवतो. त्याला आज नऊ वाजता घरातून इथे आणले. समोरच्या दुकानात काचेमागे जो पुतळा उभा असतो, त्याच्या अंगावरचा निळा फ्रॉक चोरल्याचे त्याने कबूल केले आहे. ही कबुली धादांत खोटी आहे. फ्रॉक मी काढला.

हकीकत अशी की, सदर फ्रॉक अकरा दिवसांपूर्वी काचेत लागला. त्याची डावी बाही उजव्या मुंढ्याला आणि उजवी डाव्या मुंढ्याला जोडलेली होती. बाहीला पुढची आणि मागची बाजू असते. उलटी लावली की खांद्यापुढे चुणी पडते आणि हात वर केला की काखेत ओढ बसते. माझे मशीन खिडकीशी आहे. मान वर केली की ती चुणी समोर. जेवण गोड लागेना.

मी दोनदा खाली जाऊन दुकानदाराला सांगितले. पहिल्यांदा तो म्हणाला, "बघतो, आजी." दुसऱ्यांदा म्हणाला, "हल्ली असंच घालतात, आजी. तुमचा काळ गेला." हे त्याने गिऱ्हाइकांदेखत सांगितले. मी काही बोलले नाही. जिने चढताना मात्र पुष्कळ बोलले.

काल दुपारी दीड वाजता दुकानदार आत जेवायला बसला असता मी दुकानात शिरले, पुतळ्याचा फ्रॉक उतरवला आणि पिशवीत घालून घरी आणला. पुतळा उघडा राहिला, त्याचे मला वाईट वाटते. बाह्या उसवून नीट लावायच्या आणि आज दुकान उघडताच फ्रॉक परत चढवायचा, असा माझा इरादा होता.

दुकानात कॅमेरा आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यात तोंड दिसत नाही, मुलाचे तपकिरी जाकीट दिसते. थंडी वाजत होती म्हणून मी ते घातले होते. कोपरांवरच्या ठिगळांवरून दुकानदाराने जाकीट ओळखले. ती ठिगळे मीच लावली आहेत. सुबक आहेत, हे दुकानदारानेही मान्य केले.

सकाळी पोलीस आले तेव्हा फ्रॉक मशीनवर होता, वर झाकण होते. मुलगा पेपर तपासत बसला होता. "हे जाकीट कोणाचं?" असे विचारल्यावर त्याने एकदा झाकणाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "माझं. फ्रॉक मीच घेतला. फेकून दिला." मी पुढे होईपर्यंत ते त्याला घेऊन गेले.

त्यानंतर दोन तास मी काय करत होते, असे विचारल्यावरून सांगते की, एक बाही राहिली होती, ती लावत होते. अर्धवट काम घेऊन यायची लाज वाटली. तोवर पोरगा उपाशी इथे बाकावर बसला होता. खरा गुन्हा म्हणाल तर हा.

मी दारात आले तेव्हा साहेब दुकानदाराला म्हणत होते, "असल्या पोरांच्या आईबापांनाच आधी आत टाकलं पाहिजे." मी म्हटले, "टाका. आई मीच." साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी मला खुर्ची दिली.

त्यावर माझे म्हणणे लिहून घ्यावे. छप्पन वर्षांच्या माणसाची जबाबदारी मी काय कपाळ घेणार? माझे ऐकून तो मफलरसुद्धा बांधत नाही. चोरी त्याने केलेली नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटला. पण थाप त्याने मारली आहे, आणि ती मात्र माझ्याकडूनच शिकला आहे.

तो नऊ वर्षांचा असताना त्याने खेळातल्या जहाजाला शीड हवे म्हणून डॉक्टरीणबाईंनी शिवायला दिलेल्या रेशमी कापडाचा तुकडा कापला. बाई आल्यावर मी सांगितले, "माझीच कात्री घसरली." बाई नाही नाही ते बोलल्या. पुन्हा आल्या नाहीत. तो मशीनचा पाय धरून उभा होता आणि सगळे ऐकत होता. मी त्याला एका शब्दाने रागावले नाही. तेव्हा मला वाटले, विषय संपला.

गुन्हा नोंदला तर शाळा त्याला उद्यापासून घरी बसवेल. पस्तीस वर्षे पोरांना शिकवून शेवटी 'फ्रॉकचोर सर' हे नाव घेऊन तो बाहेर पडेल. मला ते सहन होणार नाही. त्याचे नाव खोडून माझे घालावे.

फ्रॉक सोबत आणला आहे. दुकानदाराने तो खांद्यांना धरून उजेडात पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला. "चुणी गेली," एवढेच म्हणाला. तक्रार ठेवायची की नाही, हे त्याचे त्याने बघावे. काम चोख आहे.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. सही वाकडी आली ती वयामुळे, भीतीमुळे नाही. वाचन जहाजापाशी आले तेव्हा बाकावर बसलेला माझा मुलगा रडला. हे लिहू नका, शाळेत मास्तर आहे तो, असे मी सांगितले. साहेबांनी लिहिले.