त्यांनी माती मागितली होती

माझं खरं नाव लिहू नका बरं का ताई, तेवढं आधी सांगते, मग काय विचारायचं ते विचारा. आमचं गाव जालन्याच्या पलीकडं. आम्ही मातंग. वस्ती गावाच्या कडेला अन् शाळा गावाच्या मधी. मी चौथीपर्यंत गेले, पाचवीला दुसऱ्या गावाला जावं लागायचं, वडील म्हणाले पोरीच्या जातीला एवढी अक्षरं पुष्कळ झाली. सही येते, बायबल बोट ठेवून वाचते, तेवढ्यावर जन्म निघाला. मी हाय-न्हाई बोलते म्हणून मुलगी अजून रागावते, इतकी वर्षं पुण्यात काढून तुझी भाषा सुधारली न्हाई म्हणते. म्हणू दे. रागावते म्हणजे बोलते तरी.

लग्नानंतर दोन वर्षांत आम्ही पुण्याला आलो. तेव्हा कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या अन् रस्त्याकडेला केबलचे पाइप टाकायला चर खणत होते. आमचे मालक त्या चरात. मालक म्हणजे नवरा, तुमच्याकडं मालक म्हणलं की घरमालक वाटतो. मी विचारायची यातनं काय जातं, तर म्हणायचे पाणी न्हाई, वीज न्हाई, बोलणं जातं. येरवड्याला एका खोलीत राहिलो, मी चार घरची धुणीभांडी धरली. पुण्यानं पोटाला दिलं, खोटं कशाला बोलू, गावाकडं हे मिळालं नसतं.

पण मालक प्यायचे. किती, ते विचारू नका. पलीकडच्या गल्लीत एक टेलर होते, आठवडाभर ब्लाउज शिवायचे अन् रविवारी त्याच दुकानात मशिनी भिंतीला सरकवून प्रार्थना घ्यायचे, त्यांना सगळे पास्टर म्हणायचे. ते न बोलावता यायचे अन् मालकांच्या शेजारी उंबऱ्यात बसायचे. पिऊ नका असं एकदाही म्हणाले न्हाईत. नुसतं बसायचे. मालक मला म्हणायचे, अगं हा माणूस माझा वास येत असताना बसतो. चार महिन्यांनी दारू सुटली. लोक म्हणतात तुम्हाला तांदूळ दिले, पैसे दिले. आम्हाला काय दिलं ते सांगितलं तुम्हाला, शेजारी बसले.

बाप्तिस्मा खडकवासल्याला झाला. सकाळच्या पहिल्या बसनं गेलो, पाणी मागं हटलेलं, कंबरेइतकं पाणी लागायला लई आत चालावं लागलं, माझी एक चप्पल चिखलात गेली. काठावर आल्यावर पास्टरांनी पिशवीतनं वही काढली, म्हणाले नावं लिहून घेतो, दाखला देतो. अन् इथं मी चुकले.

त्याचं असं, मातंग म्हणून मुलीला जातीचा दाखला होता, त्यावर फी माफ होती, पुढं कॉलेजात जागा मिळणार होती. ख्रिस्ती झालो असं कागदावर आलं की तो दाखला जातो, हे सगळ्यांना माहीत. मालक म्हणाले लिहा. मी त्यांचा ओला शर्ट धरून त्यांना मागं ओढलं, म्हणले नका लिहू, पोरगी शिकू द्या. पास्टर वही मिटून म्हणाले, वर लिहिलंय, खाली नसलं तरी चालेल. आम्ही बहुतेक सगळे असंच करायचो ताई. रविवारी दुकानात बसायला जागा पुरायची न्हाई अन् वहीत नावं बोटावर मोजण्याइतकी.

मुलगी शिकली. कॉम्प्युटरचं शिकली, हिंजवडीला लागली, गळ्यात पट्ट्याचं कार्ड आलं. मालक चरातनं वर येऊन वॉचमन झाले, तसल्याच एका काचेच्या इमारतीला. मला वाटायचं, बघा, मी ओढलं ते बरंच केलं.

मग एका रविवारी सात-आठ पोरं दुकानात आली. परकी नव्हती, वस्तीतलीच, एकाच्या आईचं बाळंतपण मी काढलेलं. हातात मोबाइल धरून शूटिंग करत एकेकाला विचारायला लागली, नाव काय, जात काय, कोणी बाटवलं. पास्टरांनी खुर्च्या पुढं केल्या, कोणी बसलं न्हाई. मालकांना म्हणाली, काका, तुम्ही तर हिंदू ना? मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, मी येशूचा हाय. ते बाळंतपणातलं पोरगं हसलं, म्हणालं, कागद दाखवा. त्या महिन्यात पास्टरांचं दुकान गेलं, जागेवाल्याला भीती वाटली, त्याचा काय दोष. मग आमच्या खोलीत बसायला लागलो, खिडकी लावून, टाळ्या न वाजवता, गाणं इतकं हळू की पंख्याचाच आवाज मोठा.

पुढं मालकांची फुप्फुसं गेली. दवाखान्यात माझं मनगट धरून म्हणाले, मला जाळू नका, माती द्या. शेवटच्या दिवशी देवाचा कर्णा वाजून मेलेले उठतील तेव्हा मला सबंध उठायचंय. चहात साखर नसली तरी मागायचा न्हाई असला माणूस, त्यानं जन्मात एवढं एक मागितलं. मी म्हणले देते.

एका सकाळी गेले. पास्टर अन् मी ख्रिस्ती कबरस्तानात गेलो, कोणतं ते लिहू नका. तिथल्या कमिटीचे गृहस्थ मोठे सभ्य, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले आपल्या चर्चचं पत्र द्या अन् बाप्तिस्म्याचा दाखला द्या. पास्टर म्हणाले आमचं चर्च म्हणजे खोली हाय, पण बाप्तिस्मा मी स्वतः दिलाय, आत्ता लिहून देतो. ते म्हणाले, माणूस आज सकाळी गेला आणि दाखला आज दुपारी निघणार? रजिस्टर दाखवा. पास्टरांनी पिशवीतली वही काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली, नाव नव्हतंच तर कुठून निघणार. अन् दवाखान्याच्या कागदावर मुलीनं सवयीनं हिंदू लिहिलेलं. ते गृहस्थ चष्मा काढून मला म्हणाले, बाई, फी माफ करून घ्यायची तेव्हा तुम्ही हिंदू, आणि जागा हवी तेव्हा ख्रिस्ती. आमची माणसं जन्मभर ख्रिस्ती म्हणून राहिली, सगळं सोसून, त्यांनाच जागा पुरत नाही. मला राग आला न्हाई ताई. खोटं काय बोलले ते? मी पाया पडले. ते उठून उभे राहिले, म्हणाले असं करू नका, आणि आत गेले.

गावाला धाकट्या दिराला फोन लावला. तो रडला भावासाठी, लई रडला. मग म्हणाला, वैनी, आणा, पण इथं आपल्या रीतीनं जाळावं लागंल. येसूचं नाव काढलं तर गाव मयत वेशीतनं आत येऊ देणार न्हाई, अन् मला इथंच ऱ्हायचंय.

घरी आले तर मुलगी दारात उभी, डोळे सुजलेले, पण तिचा फोन सारखा वाजत होता, ऑफिसची माणसं यायला निघालेली, तिच्या सासरचे निघालेले. सासरच्यांना आमचं काहीच माहीत न्हाई. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, आई, दुपार टळली, बाबांना किती वेळ ठेवायचं? विद्युतदाहिनीत नेऊ. मी हो म्हणले.

तिथल्या माणसानं नाव विचारलं, वय विचारलं, बस्स. दिवसभरात सगळ्यात कमी प्रश्न तिथंच विचारले. पास्टर मागं भिंतीला टेकून ओठ हलवत होते. झडप वर गेली अन् खाली आली.

बाहेर आल्यावर मी पास्टरांना म्हणले, आता ते उठायचे कसे? पास्टर म्हणाले, ज्यानं धुळीतनं माणूस केला त्याला राखेतनं अवघड न्हाई. चांगला माणूस, दुसरं काय म्हणणार. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. मी रोज प्रार्थना करते, सोडली न्हाई. पूर्वी बोलताना पलीकडं कोणीतरी हाय असं वाटायचं, आता खोलीत मीच असते. तरी करते.

मुलगी चांगली सांभाळते, कोथरूडला फ्लॅट हाय, मला वेगळी खोली दिलीय, देवाची कृपा. पाहुणे आले की मी बायबल कपड्यांच्या घडीखाली ठेवते, ती सांगत न्हाई, मीच ठेवते.

मागच्या महिन्यात पास्टर आले होते. म्हातारे झालेत, सुईत दोरा ओवता येत न्हाई आता. वही घेऊन आले. म्हणाले, तुमचं तरी नाव लिहू द्या, या खेपेला दाखला देतो, चर्चचं पत्र मिळवून देतो, एका मोठ्या चर्चात ओळख झालीय, तुमची मातीची सोय होईल. मुलगी आत चहा करत होती, कपबशांचा आवाज थांबला.

मी म्हणले, नका लिहू.

पास्टर म्हणाले, भिऊ नका. भिऊन न्हाई म्हणले मी. एकदा मी ओढलं अन् मालकांची माती गेली. आता मी एकटीनं नाव लिहून, दाखला घेऊन, मातीत सबंध झोपू? ते न्हाईत तिथं? त्या धुरातनं देवाला ते सापडले तर मीबी सापडेन. न्हाई सापडले, तर मला तरी उठून कोणाला बघायचंय.

चहा थंड झाला तुमचा, थांबा, दुसरा ठेवते. एवढं लांबून आलात, ऐकून घेतलंत. तुमच्या लेकराबाळांना देव सुखी ठेवो.