साहेबांची लाल गाडी

सांगतो काय, मुलुंडच्या आमच्या क्लबात सगळ्यात पट्टीचा रेसर कोण, तर अध्यक्षसाहेब! ट्रॅकच्या खाचेतून पळणाऱ्या त्या विजेच्या टीचभर गाड्यांची रॅली मी ठेवली होती. वळणावर बटणावरचा अंगठा उचलला नाही, की गाडी उडालीच. साहेबांनी सरावातच तीनदा लाल गाडी टेबलाखाली घातली आणि वर मलाच म्हणाले, "ट्रॅक वाकडा आहे तुमचा."

सेक्रेटरी परब माझ्या कानाशी लागला. "अरे, हॉल त्यांच्या सहीने मिळतो. ते हरले ना, तर पुढची रॅली तुझ्या गॅलरीत घे."

मग काय करणार? साहेबांच्या कंट्रोलरची वायर मी गुपचूप काढली आणि लाल गाडीचा दुसरा कंट्रोलर मागे बसलेल्या माझ्या बायकोच्या हातात दिला. तिने सगळ्यांची वाट लावली. पुढे साहेब घामाघूम होऊन बटण दाबतायत!

कप घेताना तिलाच म्हणाले, "वहिनी, बघितलंत ना? वळणावर अंगठा उचलायचा. जमेल हो तुम्हालाही."

आता दर रविवारी ते क्लबात शिकवणी घेतात. बायकोला एक खाडा करता येत नाही. वायर अजून काढलेलीच आहे ना!