ओठ न हलवता

– बस की. उभी का? खुर्ची काय माझ्या बापाची न्हाय, शाळेची हाय, आणि शाळा सयाजीरावाची. बस. आणि ती फाईल मांडीवर ठेव आधी, छातीशी धरलीयास ती, कोण पळवून न्हेणार हाय व्हय? नाटकाच्या टीचरच्या जागेसाठीच आलीयास न्हवं? कळलं मला. गळ्यात ही मोठ्या मण्यांची माळ, खादीचा झब्बा, आणि केस मुद्दाम विस्कटलेले – नाटकाचं शिक्षण घेतलंय म्हणून लांबनं कळतंय. कुठं, पुण्याला? वाटलंच. दोन वर्षं? आणि काय शिकवलं गं दोन वर्षं? – झाड व्हायला. – बरं. – आणि पाणी व्हायला. बरं. माणूस व्हायला तिसऱ्या वर्षाला शिकवत असतील, तू आधीच आलीस.

मी? मी हुस्ना. हुस्ना शिकलगार. न्हाय ना ऐकलं नाव? तू कशी ऐकशील, माझं नाव लाऊडस्पीकरवर पुकारत होते तवा तू जन्मली पण नसशील. आणि हे बघ, मी काय मुलाखतीबिलाखतीला आलेली न्हाय, ते डोक्यातनं काढ. मला बोलवलंय. सयाजीरावाचं आणि माझं जुनं हाय, येऊन जावा म्हटले, म्हणून आले. न्हायतर मला काय करायचं हाय ह्या काचंच्या पेटाऱ्यात? बघ की, समोर कळंब्याचं तळं हाय, गार वारं येतंय, तर ह्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि आत वाऱ्याचं मशीन बसवलंय. अशी अक्कल. आणि त्या भिंतीवरच्या फोटोतली पोरं बघ – गोरी, निळ्या डोळ्यांची, खदाखदा हसत्यात. ह्यांच्या शाळेत तसलं एक पोरगं दाखव मला. हितली पोरं काय हसत न्हाईत व्हय?

आणि आत कोण कोण बसलंय माहितेय? सयाजीराव, हेडमास्तरीण, आणि तिसरा त्यो सम्राट. दाढीवाला. नाटकाची वर्कशॉप घेत फिरतोय कोल्हापूरभर. मागल्या सुट्टीत म्हणं पोरांना रडायला शिकवलं त्यानं. पोरांना रडायला शिकवायला लागतंय व्हय? त्यांच्या हातातनं मोबाईल काढून घे, रडत्यात की. असला माणूस आता मला विचारणार, तुमचा अनुभव काय.

माझा अनुभव तुला सांगते, त्याला सांगून उपयोग न्हाय. गावची जत्रा आली की पोरं नाटक बसवायची. आता न्हाय बसवत, आता डॉल्बी लावत्यात आणि नुसती उड्या मारत्यात, पण तवा बसवायची. दोन महिने तालीम चालायची शाळेच्या पडवीत. पुरुषांची पात्रं सगळी गावातली, आणि बायकांची? गावातल्या बाईला स्टेजवर कोण उभारू देतंय? मग कोल्हापुरातनं नटी ठरवायची. ती मी. एसटीनं दुपारी पोचायचं, एक तालीम करायची – तीबी झाली तर झाली – आणि पालखी देवळात गेली की पडदा वर. नाटकं तीच तीच असायची, सगळ्या नायिका मला तोंडपाठ. नुसत्या नायिका न्हाय, समोरच्याची वाक्यंबी पाठ. का? कारण समोरचा विसरणार हे ठरलेलं. दोन महिने बोंबलून पाठ केलेलं असायचं, आणि पडदा वर गेला, समोर सगळं गाव बसलेलं बघितलं की गडी माझ्याकडं बघायचा – बाजारात चुकलेल्या वासरागत. विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर असायचा, पण त्योबी गावातलाच, त्याचं ध्यान पुस्तकावर कमी आणि माझ्यावर जास्त. मग काय करायचं अशा वक्ताला? सांग की, तू शिकलीयास. – काय? 'त्या क्षणात राहायचं'? अगं बाळ, क्षणात राहिलीस तर लोकं चपला फेकत्यात.

वाक्य द्यायचं. ओठ न हलवता. तोंड लोकांकडनं जरासं फिरवायचं, पदर सावरल्यागत करायचं, न्हायतर त्याच्या खांद्यावर डोकं टेकायचं – मोठ्यानं म्हणायचं 'नाथ', आणि त्याच्या कानात हळूच त्याचं वाक्य. त्यानं म्हटलं की मग माझं. परत त्याचं. दोघांचं नाटक मी एकटीनं करायचं आणि शिट्ट्या त्याला. ग्रामसेवक काय, पाटलाचा पोरगा काय, एकदा तर तालमीतला पैलवान होता, त्यो एवढा कापत होता की मला वाटलं मंडपच पडतोय. असले नायक. आणि दुसऱ्या दिवशी गावात छाती काढून फिरणार, आपण कसं गाजवलं म्हणून. माझं नाव? माझं नाव पुकारायला असायचं. 'कोल्हापूरच्या सुप्रसिद्ध नटी' – हुस्ना म्हणायच्या आधीच आरडाओरडा सुरू.

आणि शहरातली ती स्पर्धेवाली मंडळी – त्यांचं तर सांगूच नको. एकदा गेलते त्यांच्या तालमीला. म्हटलं, बघावं. चहा दिला मला, चांगला दिला, आणि त्यांची ती दिग्दर्शकीण म्हणाली, "बाई, आमचं नाटक जरा वेगळं असतं." होतंच वेगळं. प्रयोगाला गेले तर स्टेजवर जास्त माणसं आणि खाली कमी. तरी म्हणत्यात कला. माझ्यासमोर अख्खी जत्रा बसायची, कडंवरची पोरं झोपलेली, म्हाताऱ्या डोळं पुसत्यात – ती कला न्हवं. ती जत्रेतली बाई.

न्हाय, पाणी नको मला. ठेव. ह्या सयाजीचं सांगत होते. आता पुढारी झालाय, राव लागलंय त्याला, तवा नुसता सयाजी. राधानगरीकडचा, बापाच्या म्हशी पिळून डेअरीला दूध घालायचा. नट म्हणून? दगड. आवाज घशात, हात कुठं ठेवायचं ते कळत न्हाय, चालायला लागला की चिखलातनं चालल्यागत पाय उचलायचा. पण एक होतं. ऐकायचा. मी पहिल्या वर्षी गेले तवा बाकीचे विडी ओढत बसले आणि ह्यो माझ्यासमोर येऊन बसला, म्हणाला, "बाई, मला लई भ्या वाटतंय. काय करू?" मी म्हटलं, पुढं बसलेल्या पाटलाकडं बघू नको, त्यो जागाच हाय. एकदम मागं, झाडाखाली जो म्हातारा बसलाय त्याच्याशी बोल. आणि वाक्य गेलं तर घाबरायचं न्हाय. कोपऱ्यात तांब्या-भांडं ठेवू. सावकाश जायचं, सावकाश पाणी ओतायचं, सावकाश प्यायचं. लोकांना वाटतंय गडी आता कायतरी मोठं बोलणार. तवर मी तुझ्या कानापाशी येते.

तू ऐकलंयास का त्याचं भाषण? मोबाईलवर असतंय की. मधीच थांबतोय, ग्लास उचलतोय, पाणी पितोय – आणि सगळं मैदान गप्प. लोकं म्हणत्यात, काय वक्ता हाय. कसला वक्ता? ते पाणी माझं हाय. मी सनाला सांगते – सना माझी लेक – सना, बघ, आता पितोय बघ. आणि पितोच. सना म्हणते, अम्मी, पाणी कोणबी पितंय. तिला काय कळतंय.

लागोपाठ जत्रांना बोलवायचा मला. स्टँडवर गाडी घेऊन उभा असायचा. आणि शेवटच्या खेपेला नाटक झालं, मी रंग पुसत बसलेले, तर हा आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. म्हणाला, "हुस्नाबाई, तुमी माझ्या गुरू." – अगं, त्या सगळ्या धंद्यात मला कोण नटी म्हणालं, कोण भाड्याची पार्टी म्हणालं, आणखी कोण काय म्हणालं ते तुझ्यासमोर बोलत न्हाय. गुरू एकानं म्हटलं. त्यामुळं पेपरात वाचलं, ह्याच्या शाळेत नाटकाचा तास ठेवणार, बाई पाहिजे – मी सनाला म्हटलं, झालं, आता मी मॅडम. म्हणून तर मागल्या खेपेला त्या वॉचमननं मला गेटातच –

काय? मागल्या खेपेला म्हंजे मागल्या खेपेला. आलते की. त्याच्याआधीबी आलते. तुला एवढं काय पडलंय? – बोलवलंय असं म्हटलं मी? म्हटलं असंल. बोलवल्यागतच हाय ते. असं बघू नको माझ्याकडं, पुण्याला हेबी शिकवलं काय, कीव करायला?

बरं, ऐक. एवढं ऐकलंस तर हेबी ऐक. मी गेटात उभी, वॉचमन आत सोडंना, तेवढ्यात सयाजीची गाडी आली. थांबली. काच खाली झाली. मागं हेडमास्तरीण बसलेली, आणखी कोण कोण साहेब होते. म्हटलं, आता ओळखतोय. तर म्हणाला, "कोण पाहिजे, मावशी?" – मावशी. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून त्याला बोलतं केलंय, आणि मी मावशी. मी म्हटलं, "हुस्ना." एवढंच. बास की एवढं, आणखी काय सांगायचं? आणि त्यानं काय केलं सांगू? बाजूची बाटली उचलली, टोपण काढलं, आणि पाणी प्यायला. सावकाश.

कळतंय का तुला? न ओळखणारा माणूस पाणी कशाला पील? ओळखलं त्यानं. गेलं त्याचं वाक्य. त्या साहेबांसमोर जत्रेतल्या बाईला काय म्हणायचं ते त्याला सुचंना, आणि त्यो माझ्याकडं बघतोय – तसाच, वासरागत. आणि मला काय वाटलं असंल? शिव्या द्याव्या वाटायला पाहिजे होत्या न्हवं? वाटलं, वाक्य द्यावं बिचाऱ्याला. "ओळखलं की बाई, या आत." एवढंच होतं त्याचं वाक्य. माझ्या ओठापतोर आलतं. काच वर गेली. वॉचमन म्हणाला, ऑफिसात नाव द्या म्हणालेत साहेब. दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरापतोर रिक्षानं गेले, रडत गेले. आणि सनाला सांगितलं, लई मान दिला, चहा दिला, ये म्हणालाय. आज तिनंच इस्त्री करून दिलीय ही साडी. तिचीच हाय.

पण आज काच न्हाय मधी. आज समोरासमोर. बघतेच किती पाणी पितोय. आणि त्या दाढीवाल्यालाबी सांगते –

तू काय पुटपुटतीयास मगापास्नं? पाठ करतीयास? म्हण की मोठ्यानं, बघू तरी. काय म्हणणार आत गेल्या गेल्या? – "नमस्कार, मी तेजस्वी. नाटकातून मुलांमधला माणूस घडवणं हे माझं ध्येय आहे." – घडवणं. मडकी हायत व्हय पोरं? ध्येय म्हणं. असली पाठ केलेली वाक्यं घेऊन आत जात्यात आणि तिथं जाऊन ततपप करत्यात. मला असलं काय लागत न्हाय. मला सगळी नाटकं पाठ हायत, दोन्हीकडची –

कोण? काय नाव घेतलं त्या शिपायानं? – मीच. मीच ती. आले म्हणावं. उठतीय न्हवं? सांग आत, आले.

थांब जरा. पदर नीट हाय का बघ गं मागनं. – ती बाटली दे. मगाशी नको म्हटलं ते मगाशी. दे की. – – बास. – – आणखी एक घोट. – – सारखं त्याचंच वाक्य येतंय बघ तोंडात. माझं असं कायच न्हाय. काय म्हणालीस गं तू मगाशी, ते पहिलं? 'नमस्कार, मी' – आणि पुढं? पुढं काय ते, मुलांमधला – अगं माझ्याकडं बघू नको, शिपाई बघतोय. दाराकडं बघ. आणि सांग. ओठ न हलवता सांग.