येशाची सपाट ओसरी

रायफलीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, सरळ बसवणं मला कोणी शिकवू नये, बरं का. पण आमचा लाटंबार्स्याचा येशा माझं ऐकेल तर शपथ! नव्या एअर रायफलीवर त्यानं स्कोप स्वतःच चढवला आणि डिचोलीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तोंड पाडून माझ्याकडे आला. जवळचा नेम बरोबर लागायचा, लांबचा छरा मात्र दरवेळी उजवीकडे.

"वारो ओढता रे," म्हणाला.

"वारो रोज एकाच बाजून येता? स्कोप बसयलंस कसो?"

"रायफल ओसरीर स्टँडार उभी केलंय, गवंड्याची पाणसळ स्कोपार ठेवलंय आणि स्क्रू आवळले."

"स्कोप सरळ झालो. पण खालची रायफल सरळ होती कशावरून? ती कलती आसली तर लांबचो छरो बाजूकच जातलो."

"ओसरी सपाट आसा मरे! तिच्यार उभी केली म्हणजे सरळच."

"ओसरी सपाट? नक्की?"

येशानं छाती फुगवली. "बाबांनी स्वतः उभं रवान घालून घेतली. इतके पावसाळे गेले, पण एक थेंब पाणी तिच्यार थांबाक नाय!"

मी स्कोपचे स्क्रू सैल करायला घेतले आणि विचारलं, "मगे ता पाणी जाता खंय, येशा?"