दाढेत ड्रिल आणि हातात शेअर

आमच्या बोरीवलीच्या डेंटिस्टकडे मी आता बाजार बंद झाल्यावरच जातो रे. आठ दिवस रोज चढणारा एक शेअर मी घेतला होता. नियम साधा होता: चढतोय तोवर धरायचा, वळला की विकायचा. आणि मी खुर्चीत तोंड उघडून पडलोय, तेव्हाच नेमका तो वळला! मोबाइलवर सगळं लाल. मी घाबरून विकायला अंगठा नेला, तर डॉक्टर ओरडले, "अहो, हा तर मी आज सकाळीच घेतला! तुम्ही विकताय?"

ड्रिल माझ्या दाढेत चालूच होतं आणि त्यांचा हात थरथरायला लागला होता.

मी गुपचूप मोबाइल पोटावर उलटा ठेवला. तोटा कधीतरी भरून निघतो यार, जीभ एकच असते.