हंबीररावांची कालवड

रहिमतपूरच्या गुरांच्या दवाखान्यासमोर मी शेळी घेऊन बसलो होतो. हातात पुस्तक होतं, पण लक्ष शेजारी बसलेल्या हंबीरराव आणि त्यांच्या गल्लीतल्या साळूबाईंच्या बोलण्याकडं गेलं, हे कबूल करतो.

“हंबीरराव, कालवड लय सुटलीय की.”

“सुटलीय, पर माजावर येत न्हाई. डॉक्टर म्हणतो, चरबीनं गाभ राहत न्हाई.”

“मग पेंड कमी करा.”

“दोन म्हैनं झालं, बंदच हाय. नुसता कडबा टाकतो.”

“कडब्यावर अशी पाठ भरती व्हय?”

“भाकरी जाती दोन-तीन.”

“रोज?”

“दोन्ही वक्ताला. कारभारीण गेली, पर पीठ अजून दोघांचंच मळतो, वैनी. एकल्यापुरतं घ्यायला हात होत न्हाई.”

“आन् उरलेलं कालवडीच्या दावणीत.”

“व्हय. दिवाळीला पोरगं पलटणीतनं येतंय. तवर गाभण न्हाई गेली तर बाजार दाखवतो म्हणतंय. कारभारणीनं हातानं दूध पाजून वाढवलेली हाय ती.”

साळूबाईंनी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

“आजपास्नं चूल पेटवू नका. दोन्ही वक्ताला आमच्यात जेवायला या.”

“लोक काय म्हणतील?”

“कालवडीसाठी डॉक्टरनं लिहून दिलंय म्हणून सांगा.”